मुकादमाची वही

मॉरिशसमध्ये मोका नावाच्या गावी ‘युरेका’ हे जुनं घर आहे. त्याला १०९ दारं आहेत. इतकी दारं कशाला, तर वारा घरभर खेळावा म्हणून. एकोणिसाव्या शतकातलं लाकडी क्रिओल घर, पुढं लांबच लांब ओसरी, आत फ्रेंच वळणाचं फर्निचर आणि जुने नकाशे, मागं नदीकडं उतरणारी वाट. १८५६ साली लिलावात यूजीन ल क्लेझिओ या गृहस्थांची बोली मंजूर झाली, तेव्हा ते आनंदानं ‘युरेका’ असं ओरडले आणि घराला तेच नाव पडलं, असं सांगतात. त्याच घराण्यातले लेखक ल क्लेझिओ यांना २००८ साली साहित्याचं नोबेल मिळालं. ओसरीत बसून जेवायची सोय आहे, आणि जेवण आपल्या जिभेला परकं वाटत नाही.

उसाच्या मळेवाल्यांचं ते घर सगळं बघून झाल्यावर मी लेकीला विचारलं, “अन् ऊस कोण तोडत होतं?” ती म्हणाली, “आई, सुट्टीवर आलोय आपण.”

मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्याची, युसूफ वडगावची. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या वडलांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि पुढच्या वर्षी टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम घेऊन, आईसकट ते पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला गेले. मग जातच राहिले. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव रिकामं व्हायचं, ते पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात भरायचं. मला आजीजवळ ठेवलं म्हणून माझी शाळा सुटली नाही. पुढं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि दिवाळीनंतर वर्गातली पोरं नाहीशी होताना वर्षानुवर्षं बघितली. त्यामुळं उसाच्या पैशावर बांधलेलं घर कितीही देखणं असलं तरी माझी नजर झुंबरावर ठरत नाही. याला कुणी कोतेपणा म्हणावं, माझी हरकत नाही.

मळेवाल्यांची जपलेली घरं बघायला जाऊ नये असं माझं म्हणणं नाही. जावं, पैसे खर्चून जावं. पण घर बघून मालक कळतो. मजूर कळतो तो कागदातून, आणि आपल्याकडचा तो कागद याच हंगामात, कुठल्यातरी माळ्यावर उंदरं कुरतडताहेत.

क्रिओल म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगते. अमेरिकेतल्या लुईझियानात फ्रेंच-स्पॅनिश अमदानीत तिथंच जन्मलेल्या लोकांना, त्यात गोरे, काळे आणि मिश्र सगळेच आले, क्रिओल म्हणत. मॉरिशसमध्ये हे नाव मुख्यतः आफ्रिकी गुलामांच्या वंशजांना आहे, आणि सगळं बेट जी भाषा बोलतं तिलाही. दोन्हीकडं क्रिओल घर म्हटलं की मागं उसाचा फड आलाच.

मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी कायद्यानं संपली. मळेवाल्यांना मजूर हवेच होते, म्हणून त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अ‍ॅटलस’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून आणलेली ३६ माणसं तिथं उतरवली गेली. पुढच्या आठ-नऊ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास लोक करारावर तिथं पोचले. करार पाच वर्षांचा, पुरुषाला महिना पाच रुपये. कलकत्ता आणि मद्रासच्या मानानं मुंबई बंदरातून गेलेले थोडे, पण त्यांत कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसं होती. त्यांची नातवंडं-पतवंडं आज घरात क्रिओल बोलतात आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी घेऊन गणपती विसर्जनाला नेतात.

बो प्लाँ इथला साखर कारखाना १९९९ साली बंद पडला आणि तीनेक वर्षांत त्याचं संग्रहालय झालं. धुराडं, यंत्रं, जुनी आगगाडी, सगळं जागच्या जागी. गुलामांवर आणि करारी मजुरांवरही माहिती आहे, झटकून टाकलेली नाही. शेवटी तऱ्हेतऱ्हेची साखर चाखायला देतात, रमसुद्धा. लेक तिथं खुलली.

मला तिथं यंत्रांपुढं उभी असताना भावाची आठवण आली. तो एका कारखान्यात बॉयलिंग हाऊसला होता. उसाच्या रसाची वाफ पुढच्या भांड्यात नेऊन त्याच वाफेवर पुढचा रस आटवायचा, म्हणजे इंधन वाचतं, ही युक्ती आपल्या प्रत्येक कारखान्यात आहे. ती काढली नॉर्बर्ट रिल्यू यानं. हा न्यू ऑर्लिन्सचा क्रिओल, १८०६ चा जन्म, बाप गोरा, आई काळ्या वंशाची पण स्वतंत्र स्त्री. पॅरिसला शिकून आला, १८४३ मध्ये पेटंट घेतलं, आणि ज्या मळ्यांवर त्याच्या रंगाची माणसं विकली जात होती त्याच मळ्यांना त्यानं यंत्र बसवून दिलं. शेवटी कंटाळून फ्रान्सला निघून गेला. आमच्या भावाला हे नाव आयुष्यभर कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडं धूर सोडणाऱ्या चिमणीखाली एका क्रिओल माणसाचं डोकं चालतंय, हे ऐकून तो म्हणाला, “मंग त्याचा फोटो कामून लावला नाही कुणी?”

आता कागदाकडं येते. पोर्ट लुई बंदरावर ‘आप्रवासी घाट’ आहे. १८४९ पासून मजुरांची उतरण्याची जागा. २००६ साली युनेस्कोनं तिला जागतिक वारसा म्हटलं. देखणं म्हणावं असं तिथं काही नाही. दगडी बांधकामाचे अवशेष, स्वयंपाकाची आणि संडासाची जागा, दवाखान्याची खोली, आणि बंदरावरून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. इथं दोनेक दिवस ठेवून माणसं मळ्यांवर वाटली जात. वाटण्याआधी प्रत्येकाचा नंबर पडे. नाव, बापाचं नाव, जात, गाव, वय, उंची, अंगावरची खूण, जहाजाचं नाव. १८६० च्या दशकापासून फोटोही. या वह्या आज महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, आणि ही संस्था कुठं आहे, तर मोका गावातच. म्हणजे १०९ दारांचं घर आणि लाखो मजुरांचं दप्तर एकाच गावात. आमच्या सहलीच्या कागदावर पहिलं होतं, दुसरं नव्हतं.

वंशजांना तिथं आपल्या माणसाचा शोध घेता येतो. पणजोबा कुठल्या गावाहून आला, कुठल्या जहाजानं आला, बरोबर कोण होतं. बाईचा नंबर वेगळा, बाईचं नाव वेगळं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं लागणार आहे.

इंग्रजांनी या वह्या प्रेमापोटी ठेवल्या नव्हत्या. माणूस मळा सोडून पळाला तर पकडता यावा म्हणून ठेवल्या. १८६७ च्या कायद्यानं तर पास जवळ नसलेल्या मजुराला रस्त्यात धरून आत टाकायची मोकळीक झाली. पण झालं असं की १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हिट्स या एका गोऱ्या माणसानं मजुरांचा अर्ज लिहिला, त्यावर नऊ हजारांहून अधिक जणांनी सह्या-अंगठे केले, चौकशीला रॉयल कमिशन बसलं, आणि कमिशनपुढं सरकारचे आणि मळ्यांचे स्वतःचेच कागद उघडे पडले. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, ही तिथली रीत होती. ‘डबल कट’ म्हणत. ती १९०९ साली बंद झाली.

आमच्याकडं तिला खाडा म्हणतात. ताप आला, पोर आजारी पडलं, पाळी आली, फडात गेलं नाही, की त्या दिवसाची मजुरी तर बुडालीच, वर मुकादम दंड टाकतो. मॉरिशसमध्ये ज्याला बंद होऊन शंभरावर वर्षं झाली, ते आमच्याकडं चालू हंगामात आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय गाजला. सरकारी पाहणीत ८२ हजारांवर बायकांना विचारलं, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. याची कारणं अनेक आहेत, पण खाड्याची भीती त्यांतलं एक आहे, हे गावातली कुठलीही बाई सांगेल. मला त्या वेळी दुसरीच गोष्ट खटकली. हे वर्षानुवर्षं चाललेलं, आणि कुणीतरी मोजायला बसेपर्यंत त्याचा आकडाच नव्हता.

मॉरिशसहून आल्यावर ह्यूस्टनला असलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याला मी लुईझियानात जायला लावलं. गाडीनं पाच-सहा तासांवर न्यू ऑर्लिन्स, तिथून पुढं मिसिसिपीच्या काठानं मळेच मळे. व्हॅशरी गावाजवळ ‘लॉरा’ नावाचा क्रिओल मळा आहे, १८०५ चं रंगीत घर, विटांच्या खांबांवर उचललेलं. त्याच्या मागं गुलामांच्या खोल्या आहेत, आणि त्या खोल्यांत १९७७ पर्यंत माणसं राहत होती. पोरानं फोन केला तेव्हा हेच आधी सांगितलं: “बाई, एकोणीसशे सत्त्याहत्तर!” मला नवल वाटलं नाही. सत्त्याहत्तर साली माझी आई पाचटाच्या कोपीत राहत होती.

जवळच ‘व्हिटनी’ मळा आहे. तो २०१४ च्या डिसेंबरात संग्रहालय म्हणून उघडला आणि त्यानं उलटं केलं. मालकाच्या घरापासून सुरुवातच नाही. बघायला येणाऱ्याच्या गळ्यात एका गुलाम मुलाचं चित्र आणि त्याचे शब्द असलेली चिठ्ठी अडकवतात. हे शब्द कुठून आले? १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकी सरकारनं बेकार लेखक-पत्रकारांना पगार देऊन म्हाताऱ्या माजी गुलामांकडं पाठवलं, आणि दोन हजार तीनशेहून अधिक जणांच्या आठवणी लिहून घेतल्या. ती माणसं तेव्हा ऐंशी-नव्वदीची होती. दहा वर्षं उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. शिवाय तिथल्या भिंतींवर लुईझियानातल्या १ लाख ७ हजार गुलामांची नावं कोरलेली आहेत. ती ग्वेंडोलिन मिडलो हॉल या इतिहासकार बाईंनी कचेऱ्यांतल्या जुन्या दस्तांतून वेचली. खरेदीखतं, वारसाहक्काच्या याद्या: अमुक माणूस, वय इतकं, गवंडीकाम येतं, किंमत इतकी. विकण्यासाठी लिहिलेला कागद, म्हणून नाव उरलं.

गुलाम, करारी मजूर आणि उचल घेतलेला कोयता, म्हणजे आमचा ऊसतोड मजूर, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. माझे वडील कुणी विकत घेतलेले नव्हते. पट्टा पडला की घरी येत, मतदान करत, गावच्या जत्रेत कुस्ती बघत. त्यांना गुलाम म्हटलेलं त्यांना अजिबात आवडलं नसतं. पण नोंदीच्या बाबतीत ते मॉरिशसच्या मजुराच्याही मागं राहिले, हे मला कुणी खोडून दाखवावं.

प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचं ते काम मोठंच आहे, पुस्तकांत आहे, असायलाच हवं. आज कुठल्याही कारखान्याच्या गेटातून आत जा, संस्थापकांचा पुतळा दिसेल. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका मागा, सगळ्या संचालकांचे फोटो मिळतील, गाळप आणि उताऱ्याचे तक्ते मिळतील. पहिल्या हंगामाचा ऊस कुणाच्या कोयत्यानं तुटला, हे मी बघितलेल्या एकाही स्मरणिकेत नाही. कारण सरळ आहे: ऊसतोड कामगार कारखान्याच्या पटावर नसतोच. कारखान्याच्या दप्तरात मुकादम असतो, वाहतूकदार असतो. कोयत्याचं नाव लागायचं ते एकाच ठिकाणी, मुकादमाच्या वहीत.

ती वही मी लहानपणी बघितली आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट. प्रत्येक जोडीला एक पान. वर नवऱ्याचं नाव आणि गाव. खाली उचल किती, ती कधी कधी घेतली, फडावर खर्ची किती दिली, किती टन झाले, खाडे किती, शेवटी फिटली का बाकी राहिली. बाकी राहिली की ती पुढच्या वर्षीच्या पानावर चढायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस असला तर अर्धा. माझ्या आईनं वीसेक वर्षं पहाटे चारला उठून ऊस तोडला, डोक्यावर मोळ्या वाहिल्या, वाढे विकले. त्या वहीत ती अर्धा कोयता होती. नाव नव्हतं. मोका गावच्या दप्तरात तिला स्वतःचा नंबर मिळाला असता.

म्हणून माझी मागणी संग्रहालयाची नाही, निदान आधी नाही. ‘ऊसतोड कामगारांचं स्मारक’ म्हटलं की आमच्या जिल्ह्यात काय होईल ते मला ठाऊक आहे: जागेवरून वाद, कोनशिला, कुणाचा फोटो मोठा यावरून मारामारी, आणि दहा वर्षांनी आत शेळ्या. गावात मी हा विषय काढला तेव्हा एक चुलतभाऊ म्हणाला, “अक्का, कोपी काय बघायची? त्यातच राहायलोत की अजून!” त्याचं बरोबर आहे. युरेका जपणं सोपं, कारण तिथला धंदा संपला. आमचा चालू आहे, आणि चालू धंद्याला काच लावून ठेवता येत नाही. तो बदलतोय मात्र. हार्वेस्टर येताहेत, सरकारनं त्यांना अनुदान दिलंय, आणि मांजरा नदीच्या काठी, आमच्याच तालुक्यात ऊस झाला तरी आमचे कोयते अजून सांगली-कोल्हापूर-कर्नाटकाकडं जाताहेत. २०१६ साली याच नदीवरचं धनेगावचं धरण कोरडं पडलं तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. त्याच मिरजेच्या भागात आमची माणसं ऊस तोडून त्या उन्हाळ्यात परत आली होती. पाणी आणि माणसं, दोघांचाही प्रवास एकाच वाटेचा. पाण्याच्या वाघिणींचे फोटो पेपरात आले.

मला हव्या आहेत तीन गोष्टी, आणि तिन्हींना फार पैसा लागत नाही. बहात्तरनंतर पहिल्यांदा फडावर गेलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. तिच्याकडं कुणीतरी रेकॉर्डर घेऊन बसावं. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात समाजशास्त्राची, इतिहासाची, मराठीची पोरं दरवर्षी प्रबंध लिहितात. त्यांतल्या निम्म्यांच्या आज्या याच कामाला गेलेल्या असतील. त्यांनी आधी घरच्या आजीला विचारावं. दुसरं, गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालंय, ग्रामसेवकांमार्फत नोंदणी आणि ओळखपत्रं सुरू झालीत. या याद्यांत बाईचं नाव बाईचं म्हणून लिहिलं जावं, आणि हंगाम संपला, योजना बदलली, अधिकारी बदलला म्हणून त्या रद्दीत जाऊ नयेत. पुराभिलेख खात्याकडं त्यांची एक प्रत जायला काय हरकत आहे? तिसरी गोष्ट, त्या लाल वह्या.

तिसरी अवघड आहे. त्या वहीत व्याज आहे, दंड आहे, कधी पळून गेलेल्या जोडीचा शिवीसकट उल्लेख आहे. कुठला मुकादम ती आपण होऊन देईल? आणि मुकादम काही आकाशातून पडलेला राक्षस नाही. बहुतेक मुकादम कधीकाळी कोयताच होते. कारखान्याकडून उचल आणायची, ती टोळीत वाटायची, जोडी पळाली तर बुडालेला पैसा स्वतःच्या खिशातून भरायचा, यात काही जण बरबाद झालेले मी बघितलेत. मॉरिशसमध्येही मळ्यावरचा सरदार मजुरांतूनच वर आलेला असे, आणि गावाकडं जाऊन नवी माणसं तोच घेऊन येई. वही मिळवायची तर त्याला चोर ठरवून ती मिळणार नाही. जुन्या व्यवहारावर कुणी केस घालणार नाही, वह्या पंचवीस-तीस वर्षं कुणाला दाखवल्या जाणार नाहीत, अशी लेखी हमी एखाद्या संस्थेला द्यावी लागेल.

आमच्या गावाजवळ असाच एक जुना मुकादम आहे. आता थकलाय, टोळी मुलगा नेतो. त्याच्याकडं ऐंशीच्या सालापासूनच्या वह्या एका पत्र्याच्या पेटीत आहेत, वाळवी लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकलेल्या. मी गेले, चहा झाला, विषय काढला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “बाई, नावं लिहून न्या. आकडे नका नेऊ.” मी म्हणाले, आकडे नसतील तर नुसत्या नावांचं मी काय करू? आणि निम्मी नावं तर तुम्ही लिहिलीच नाहीत, बायकांची. त्यावर त्याची म्हातारी आतून म्हणाली, “म्या सांगते की बायकायची. समद्या ठाव हैत मला.” मुकादमानं तिच्याकडं बघितलं, पेटी काही उघडली नाही. मुलगा टोळी घेऊन कर्नाटकात जाईल तेव्हा पुन्हा जायचं ठरवलंय, रेकॉर्डर म्हातारीसाठी.